चौरस मीटरभर पाचट

ऊस तोडून नेलेल्या रानात मीटरभर लांब-रुंद चौकोन आखा आणि त्यातलं वाळलेलं पाचट गोळा करून काट्यावर टाका. साधारण 800 ग्रॅम भरतं. कवेत घेतलं तर काहीच वजन लागत नाही, फक्त पात्याच्या कडा बोटं कापतात. राहुरी, कोपरगाव, नेवाशाकडे अशा एका हेक्टरवर 8 ते 10 टन पाचट पसरलेलं असतं. टोळी पुढच्या फडात गेली की एखाद्या संध्याकाळी बांधावरून त्याला काडी लागते.

आता हिशेब करा. वाळलेलं पाचट जळताना किलोमागे 15 मेगाज्यूलच्या आसपास उष्णता देतं. टीएनटी हे स्फोटक देतं 4.2. म्हणजे वजनाला वजन धरलं तर बॉम्बमधल्या दारूपेक्षा आपल्या पायाखालच्या पाचटात साडेतीन पट ऊर्जा आहे. एकरभर पाचट सव्वातीन टन धरा. त्यातली ऊर्जा अकरा टनांहून जास्त टीएनटीएवढी. आकड्यावर विश्वास बसेना म्हणून मी तो तीनदा मांडून पाहिला. तेवढाच येतो. फरक वेळेचा आहे. टीएनटीचा प्राणवायू त्याच्या रेणूतच असतो, म्हणून क्षणात सगळं संपतं. पाचटाला तो हवेतून ओढावा लागतो. आणि वारा सुटला की हवाच तो आणून देते.

म्हणून आगीचा धोका काडीपेक्षा साठ्यात जास्त असतो. याचा सर्वांत भयंकर पुरावा टोकियोचा. 9 मार्च 1945 च्या रात्री 279 अमेरिकी बी-29 विमानं त्या शहरावर आली. बॉम्बमध्ये मुख्यतः घट्ट केलेलं पेट्रोल, नापाम. पहाटेपर्यंत सुमारे 41 चौरस किलोमीटर शहर जळालं, लाखाच्या आसपास माणसं गेली, दहा लाख बेघर झाली.

विमानांनी टाकलेलं वजन होतं दीड हजार टनांच्या वर. जळालेल्या जागेवर ते सारखं पसरलं तर चौरस मीटरला येतं अवघं 40 ग्रॅम. कोंबडीचं अंडंही याहून जड असतं. बाकी सगळं सरपण शहरानेच पुरवलं: लाकडी भिंती, कागदी सरकती दारं, गवती चटया. तुमच्या त्या चौकोनातलं पाचट या 40 ग्रॅमच्या वीस पट आहे.

साठा नेहमी डोळ्यांना दिसतोच असं नाही. 6 नोव्हेंबर 2021, भाऊबीजेचा दिवस. नगरच्या जिल्हा रुग्णालयात कोरोनाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली. आत 17 रुग्ण होते, त्यांतले 11 त्याच दिवशी गेले. उठून पळण्याचं बळ ज्यांच्यात नव्हतं, अशी माणसं. हवेत प्राणवायू 21 टक्के असतो. तो चार-पाच टक्क्यांनी जरी वाढला तरी चादर, गादी, प्लास्टिक झपाट्याने पेटतं. ज्या खोलीत जीव वाचवायला तोच वायू खाटेखाटेवर नळीतून सोडावा लागतो, तिथली वायरिंग आणि तिथून बाहेर पडायची वाट रोजच्या रोज कुणीतरी पाहायला हवी. त्या अकरा घरांतली भाऊबीज आठवली की अजून पोटात तुटतं.

पुन्हा रानात येऊ. एकरभर पाचटात पंधरा किलोच्या आसपास नत्र असतं, युरियाच्या पाऊण गोणीएवढं. काडी लावली की त्यातलं बहुतेक धुरावाटे निघून जातं. ज्वाळा बांध ओलांडून शेजारच्या खोडव्यात, ठिबकच्या नळ्यांत, कधी गोठ्यापर्यंत जातात. पाचटाची कुट्टी करून ते सरीत दाबणारे शेतकरी आता गावोगाव भेटतात. खोडव्याला त्यांचं एखादं पाणीही वाचतं.

ज्यांनी पेटवलं त्यांच्या रानात तो चौकोन पुन्हा आखा. 800 ग्रॅममधली पन्नास-साठ ग्रॅम राख उरलेली असते, आणि दुपारचा वारा सुटला की तीही शेजाऱ्याच्या रानात.