जुन्या मोटारसायकलींमधील एलईडी रूपांतर व दोषनिवारण

जुन्या मोटारसायकलीतील फिलामेंटचे बल्ब काढून त्यांच्या जागी प्रकाश उत्सर्जक डायोडचे, म्हणजेच एलईडीचे दिवे बसवण्यास एलईडी रूपांतर असे म्हणतात. विजेची बचत, दीर्घ आयुष्य व तत्काळ उजळणे हे या दिव्यांचे मुख्य लाभ होत. मात्र बल्ब बदलल्यावर इंडिकेटर अतिवेगाने उघडझाप करणे, चारही इंडिकेटर एकाच वेळी लागणे किंवा हेडलाइट थरथरणे असे दोष आढळतात. यांतील बहुतेक दोष नव्या दिव्याचे नसतात. जुना परिपथ फिलामेंटच्या गुणधर्मांवर विसंबून आखलेला असतो. फिलामेंट काढताच तो आधार नाहीसा होतो.

== पार्श्वभूमी ==
निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये दृश्य लाल प्रकाश देणारा एलईडी तयार केला. पांढऱ्या एलईडीचा मार्ग निळ्या एलईडीमुळे खुला झाला. त्या संशोधनासाठी इसामू आकासाकी, हिरोशी आमानो व शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

फिलामेंट तापून प्रकाश देते. धारा कोणत्याही दिशेने वाहिली तरी त्यास फरक पडत नाही. एलईडी मात्र धारा एकाच दिशेने वाहू देतो आणि अत्यल्प धारेवरही उजळतो. १२ व्होल्टवरील १० वॉटचे दोन इंडिकेटर मिळून सुमारे १.७ अँपिअर धारा घेतात. प्रत्येकी एक वॉटचे दोन एलईडी ०.२ अँपिअरहूनही कमी घेतात.

== इंडिकेटरमधील दोष ==
=== उघडझापेचा वेग बिघडणे ===
जुन्या औष्णिक फ्लॅशरमधील द्विधातू पट्टी बल्बांच्या धारेने तापून वाकते व परिपथ तोडते. एलईडीची धारा तिला पुरेशी तापवू शकत नाही, त्यामुळे दिवा लागून तसाच राहतो. काही इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर कमी धारा म्हणजे एक बल्ब जळाला असे मानून वेग वाढवतात. भारावर अवलंबून नसलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवणे हा योग्य उपाय होय. तो तीन पिनांचा असल्यास तिसरी पिन अर्थिंगला जोडावी लागते.

एलईडीला समांतर रोधक जोडणे हा दुसरा उपाय आहे. सुमारे १५ ओहमचा रोधक दिवा लागलेला असताना जवळपास १० वॉट ऊर्जा उष्णतेच्या रूपाने खर्च करतो. त्यामुळे विजेची बचत संपते, शिवाय असा रोधक प्लास्टिकपासून दूर, धातूच्या भागावर बसवावा लागतो.

=== चारही इंडिकेटर एकदम लागणे ===
अनेक जुन्या मोटारसायकलींच्या मीटरमध्ये दोन्ही बाजूंसाठी एकच सूचक दिवा असतो व तो डाव्या आणि उजव्या इंडिकेटरच्या तारांमध्ये जोडलेला असतो. डावा इंडिकेटर लावला की धारा सूचक दिव्यातून उजव्या बल्बांकडे व तेथून अर्थिंगला जाते. ती इतकी अल्प असते की उजवे बल्ब उजळत नाहीत. त्यांच्या जागी एलईडी असल्यास मात्र तेही लागतात. मागच्या वाहनचालकाला मग वळण्याची दिशाच कळत नाही.

उपाय म्हणून दोन डायोड वापरतात. प्रत्येक बाजूची तार एका डायोडच्या ॲनोडला जोडून दोन्ही कॅथोड सूचक दिव्याच्या एका टोकाला आणतात. त्याचे दुसरे टोक अर्थिंगला जोडतात.

== हेडलाइटमधील दोष ==
अनेक कमी क्षमतेच्या जुन्या मोटारसायकलींत हेडलाइटला बॅटरीऐवजी थेट मॅग्नेटोच्या कॉइलमधून प्रत्यावर्ती धारा मिळते. धारा क्षणभर शून्य झाली तरी तापलेले फिलामेंट विझत नाही. एलईडी मात्र थरथरतो. इंजिनाच्या वेगाबरोबर विभवांतर वाढत असल्याने नियमन सदोष असल्यास एलईडीचे ड्रायव्हर मंडल जळू शकते.

रेक्टिफायर व धारित्र जोडून धारा दिष्ट करता येते. मात्र कॉइलचे एक टोक चेसिसला जोडलेले असेल, तर पूर्ण ब्रिज रेक्टिफायरचे ऋण टोकही चेसिसला जोडणे चुकीचे ठरते. त्याने प्रत्यावर्ती धारेच्या एका अर्धचक्रात कॉइल लघुपरिपथित होते. हेडलाइट बॅटरीवर घ्यायचा असल्यास चार्जिंगची क्षमता आधी तपासावी लागते.

प्रकाशझोत हा स्वतंत्र प्रश्न आहे. जुना परावर्तक फिलामेंटच्या नेमक्या स्थानानुसार घडवलेला असतो. एलईडी त्या स्थानी नसल्यास प्रकाश विखुरतो, रस्ता नीट दिसत नाही व समोरच्या चालकाचे डोळे दिपतात.

== मागील दिवा ==
लाल काच पांढऱ्या प्रकाशातील फक्त लाल भाग बाहेर सोडते, म्हणून तिच्यामागे लाल एलईडी अधिक परिणामकारक ठरतो. मूळ २१/५ वॉटच्या बल्बमध्ये ब्रेकचा प्रकाश नेहमीच्या प्रकाशाहून ठळकपणे वेगळा दिसतो. एलईडीमध्ये हा फरक कमी असल्यास ब्रेक लागल्याचे मागच्या चालकाच्या लक्षात येत नाही. नंबरप्लेटवर प्रकाश पाडणारी खिडकी असल्यास तिच्यासाठी पांढरा प्रकाश वेगळा द्यावा लागतो.

== ध्रुवता ==
ट्रायम्फ, बीएसए, नॉर्टन इत्यादी अनेक जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींमध्ये बॅटरीचे धन टोक चेसिसला जोडलेले असते. ऋण अर्थिंगसाठी बनवलेले, ध्रुवता पाळणारे एलईडी तेथे लागत नाहीत. वरील डायोडांची दिशाही तेथे उलटी ठेवावी लागते.

== तपासणीचा क्रम ==
# जुना बल्ब परत बसवून पाहावा. तोही लागत नसल्यास दोष तार, स्विच, फ्यूज किंवा होल्डरमध्ये असतो.
# होल्डर व अर्थिंगच्या जोडावरील गंज साफ करावा.
# एलईडीची ध्रुवता व विभवांतर (६ की १२ व्होल्ट) तपासावे.
# इंडिकेटरसाठी आधी फ्लॅशर, नंतर सूचक दिव्याची जोडणी पाहावी.
# हेडलाइटला मिळणारी धारा दिष्ट आहे की प्रत्यावर्ती, हे मल्टिमीटरने तपासावे.
# १२ व्होल्टच्या पूर्ण भारित लेड-ॲसिड बॅटरीचे विभवांतर इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट असते. इंजिन वेगात असताना ते साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट असावे.

== कायदेशीर बाजू ==
भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ तपशिलात बदल करण्यावर निर्बंध आहेत. त्यामुळे रूपांतरापूर्वी नियमांची खातरजमा करणे आवश्यक ठरते.