मेक्सिकोचे रुपेरी चेहरे – ४ : मायदेशी उजळलेली दोलोरेस

दोलोरेस देल रिओचं चरित्र बहुतेकदा हॉलिवूडच्या बाजूने सांगितलं जातं: १९२५ साली तिथे गेली, चमकली, मागणी ओसरल्यावर १९४२च्या सुमारास मेक्सिकोला परतली. यातलं काही खोटं नाही. मात्र परतीनंतरचा काळ उतरणीचा ठरवला की सगळं चरित्रच उलटं वाचलं जातं. अभिनेत्री म्हणून तिची खरी कारकीर्द मेक्सिकोत, वयाची पस्तिशी ओलांडल्यावर सुरू झाली, असं माझं ठाम मत आहे. हॉलिवूडने तिला काय दिलं? ‘व्हॉट प्राइस ग्लोरी’त ती फ्रेंच होती, ‘रेझरेक्शन’मध्ये रशियन, ‘बर्ड ऑफ पॅराडाइज’मध्ये पॉलिनेशियन, ‘फ्लाइंग डाउन टू रिओ’त ब्राझिलियन. मूकपटात देखणा चेहरा कुठल्याही देशाचा म्हणून खपून जाई. बोलपट आले, तिच्या इंग्रजीतला स्पॅनिश हेल ऐकू येऊ लागला आणि भूमिका परदेशी सुंदरीपुरत्या आक्रसत गेल्या.

मेक्सिकोत तिला स्वतःची भाषा मिळाली आणि तोलामोलाचे सहकारी मिळाले: दिग्दर्शक एमिलिओ फर्नांदेस, छायालेखक गाब्रिएल फिगेरोआ, नायक पेद्रो आर्मेंदारिस. १९४३च्या ‘फ्लोर सिल्वेस्त्रे’नंतर याच मंडळींनी ‘मारिया कांदेलारिया’ केला. सोचिमिल्कोच्या कालव्यांकाठी फुलं विकणारी, गावाने वाळीत टाकलेली आणि शेवटी गावाच्याच दगडांनी मरणारी ही आदिवासी मुलगी दोलोरेसने भरजरी पोशाखाच्या आधाराविना उभी केली. १९४६च्या कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार अनेक चित्रपटांना विभागून मिळाला. त्यांत चेतन आनंद यांच्या ‘नीचा नगर’बरोबर हाही होता.

यावर पहिला आक्षेप असा, की हे यश युद्धाच्या कृपेचं होतं. मेक्सिको दोस्तराष्ट्रांच्या बाजूने उतरल्यामुळे अमेरिकेने तिथे कच्ची फिल्म आणि यंत्रसामग्री पुरवली, तटस्थ अर्जेंटिनाची मात्र कोंडी केली. हे मान्य करायलाच हवं. पण फिल्मच्या रिळांमुळे चित्रपट निघतात, अभिनय येत नाही. शिवाय युद्ध संपून बरीच वर्षं झाल्यावरही, १९५२ आणि १९५४ साली, तिला अभिनयाचा आरिएल पुरस्कार मिळाला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दुरांगोतल्या बँकरच्या घरची गोरी मुलगी अनवाणी आदिवासी स्त्री साकारते, तेव्हा हॉलिवूडचीच हौस मेक्सिकोत येत नाही का? ‘मारिया कांदेलारिया’तला आदिवासी आदर्शाच्या चौकटीत बसवलेला आहे, हे नाकारता येत नाही. तरी फरक उरतोच. ‘बर्ड ऑफ पॅराडाइज’ची नायिका गोऱ्या प्रवाशाच्या साहसापुरती असते, इथे तिच्यावरचा अन्याय हाच कथेचा विषय आहे. आणि १९५१च्या ‘दोन्या पेर्फेक्ता’त तर तिने धर्माभिमानाने कठोर झालेली कर्मठ आत्या रंगवली. सौंदर्यावर भिस्त ठेवणाऱ्या नटीला अशी भूमिका कुणी देत नाही, आणि दिली तरी ती पेलत नाही.

पुढे हॉलिवूडने तिला पुन्हा बोलावलं, ते १९६०च्या ‘फ्लेमिंग स्टार’मध्ये एल्विस प्रेस्लीची कायोवा आई म्हणून. तिच्यात काय बदललं होतं, हे तिथल्या निर्मात्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. १९८३ साली ती कॅलिफोर्नियात वारली, पण तिचं मोजमाप करायचं तर ते मेक्सिकोतल्या कामावरूनच करायला हवं. नटाची कुवत त्याच्या अंगात असते हे खरं, पण ती दिसायला त्याला माणूस मानणारी भूमिका लागते.

(पुढील भागात : पेद्रो इन्फान्ते)