अंडरबॉडी कोटिंग मारलं म्हणजे थारचं पोट वाचलं? स्किड प्लेट घेताना नेमकं काय बघायचं

पावसाळा लागला की पुण्यातल्या थार, गुरखा आणि जिमनीवाल्यांचा रविवार ठरलेला असतो. पहाटे चांदणी चौक, मग मुळशी, पुढं ताम्हिणी. कुणी वेल्ह्याकडची कच्ची वाट धरतं, कुणी पवना धरणाच्या मागची. वाटेत कुठंतरी गाडीच्या पोटाला दगड लागतो, 'खण्ण' आवाज येतो आणि चालवणारा निवांत म्हणतो, "काय नाय होत, अंडरबॉडी प्रोटेक्शन केलंय."

इथंच घोळ होतो.

शोरूममध्ये अंडरबॉडी प्रोटेक्शन म्हणून जे विकलं जातं, ते बहुतेक वेळा अँटी-रस्ट कोटिंग असतं. म्हणजे खालच्या पत्र्यावर फवारलेला रबरासारखा काळा थर. पाणी, चिखल आणि उडणाऱ्या खडीपासून पत्रा वाचवायला तो ठीक आहे. पण दीड-दोन टनांची गाडी दगडावर आदळली तर हा थर काहीच करू शकत नाही. त्यासाठी लागते स्किड प्लेट, म्हणजे गाडीच्या पोटाखाली बोल्टनं कसलेली जाड धातूची प्लेट.

आता तुम्ही म्हणाल, गाडी एवढी उंच आहे, दगड लागेलच कसा? थारचा ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिलिमीटर आहे, जिमनीचा २१०. म्हणजे साधारण एक वीत. सह्याद्रीतला काळा पाषाण कडक असतो, झिजत नाही, आणि पावसाळ्यात तो गढूळ पाण्याखाली दिसतही नाही. खाली सगळ्यात नाजूक असतो तो इंजिनचा ऑइल चेंबर. त्यामागं गिअरबॉक्स, फोर बाय फोरचा ट्रान्सफर केस आणि डिझेल-पेट्रोलची टाकी. बजेट कमी असेल तर पहिली प्लेट चेंबरखाली. बाकीचं नंतर बघता येतं.

जिमनीला पुढं-मागं दोन्हीकडं रिजिड अ‍ॅक्सल आहे. त्यामुळं तिचे डिफरन्शियलचे गोळे प्लेटच्याही खाली लोंबतात. पोटाखालच्या प्लेटनं ते झाकले जात नाहीत, त्यांना वेगळे गार्ड लागतात.

प्लेट घेताना लोक पहिला प्रश्न विचारतात, "किती एमएमची आहे?" त्याआधी विचारायचं, "कसली कुठं जाणार?" थार, गुरखा, जिमनी तिन्ही लॅडर फ्रेमवर बसलेल्या आहेत. प्लेट त्या फ्रेमला किंवा तिच्या आडव्या क्रॉस मेंबरला कसलेली हवी, म्हणजे दणका फ्रेम सोसते. गिअरबॉक्सच्या किंवा चेंबरच्याच बोल्टला लटकवलेली प्लेट कितीही जाड असली तरी दणका थेट त्याच भागाला देते. शिवाय प्लेट आणि चेंबरमध्ये बोटभर तरी मोकळी जागा हवी. प्लेट वाकणारच आहे, ते तिचं कामच आहे.

मग येतो स्टील की अ‍ॅल्युमिनियम हा वाद. एक चौरस मीटरची ४ मिलिमीटर स्टील प्लेट जवळपास ३१ किलो भरते, ६ मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियम १६ किलो. पण अ‍ॅल्युमिनियम मऊ, दगडावर खरवडतं आणि अडकतं. स्टील घसरत पुढं जातं, आणि वाकलं तर गॅरेजमध्ये हातोड्यानं सरळ होतं. गंजतं मात्र, त्यामुळं पावडर कोटिंग नीट हवं. अ‍ॅल्युमिनियमला स्टीलचे बोल्ट असतील तर ओलाव्यात बोल्टभोवतीचं अ‍ॅल्युमिनियम खायला लागतं, म्हणून मध्ये प्लास्टिकचे वॉशर लागतात. महिन्यातून एखादी ताम्हिणी करणाऱ्याला चेंबरखाली ३-४ मिलिमीटरचं स्टील पुरतं. आणि फक्त एफसी रोडवर थार मिरवणाऱ्यानं पैसे टायरवर घालावेत.

तयार प्लेट पसंत नसेल तर पुणेकरांची सोय आहे. भोसरी एमआयडीसीत लेझर कटिंग आणि बेंडिंग करणारे वर्कशॉप आहेत, माप दिलं की प्लेट मिळते. फक्त ऑइल काढायच्या नटासमोर भोक ठेवायला सांगा, नाहीतर दर सर्व्हिसिंगला अख्खी प्लेट उतरवावी लागेल. हवेसाठी आणि चिखल निघून जाण्यासाठीही खाचा हव्यात. पावसाळ्यानंतर प्लेटवर वाळकं गवत साठतं आणि वर सायलेन्सरचा पाइप तापलेला असतो, आग लागू शकते. कंपनीच्या वॉरंटीवर परिणाम होतो का, हे बसवण्याआधी लेखी विचारून घ्या.

विकणारा सोबत बुलबारही गळ्यात मारत असेल तर नको म्हणा. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं बुलबार आणि क्रॅश गार्डवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं होतं.

आता सगळ्यात महागडा भाग. चेंबर फुटून ऑइल गळालं आणि तशीच गाडी पुढं दामटली, तर इंजिन जाम होतं. साध्या विमा पॉलिसीत चेंबरचा खर्च मिळू शकतो, पण जाम झालेल्या इंजिनला कंपन्या सहसा 'नंतर झालेलं नुकसान' म्हणतात आणि पैसे नाकारतात. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर असतं, आणि त्याच्याही अटी असतात. म्हणून प्लेट असो वा नसो, दणका बसल्यावर सुरक्षित जागा बघून थांबायचं, वाकून खाली बघायचं. डॅशबोर्डवर तेलाच्या किटलीचा लाल दिवा लागला असेल तर इंजिन तिथंच बंद, आणि फोन टोइंगवाल्याला.