बेकारी आणि गुन्हेगारी : समीकरण इतके सोपे नाही

हाताला काम नसले, की माणूस वाममार्गाला लागतो, असे सर्रास म्हटले जाते. त्यासाठी मुंबईच्या गिरणगावाचा दाखला हमखास दिला जातो. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. संप फसला, हजारो संसार उघड्यावर पडले आणि पुढील काळात लालबाग-परळमधील काही तरुण संघटित टोळ्यांत ओढले गेले, हे खरे आहे.

परंतु अडीच लाखांच्या मानाने ते मूठभरच होते. इतरांनी भाजी विकली, पहारेकऱ्याची नोकरी धरली वा गावची वाट धरली. अनेक घरे बायकांच्या कष्टांवर तगली.

अमेरिकेचा अनुभवही बोलका आहे. तेथील बेकारीचा दर डिसेंबर २००७ मध्ये पाच टक्के होता. ऑक्टोबर २००९ मध्ये तो दहा टक्क्यांवर गेला. तरीही २००८ आणि २००९ या दोन्ही वर्षांत तेथील हिंसक गुन्हे व चोरी-घरफोडीसारखे गुन्हे घटले.

याची उकल करण्यास अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांची १९६८ मधील मांडणी उपयोगी पडते. गुन्ह्यातून होणारा लाभ, पकडले जाण्याची शक्यता, शिक्षेची तीव्रता आणि सरळ मार्गाने होणारी कमाई यांचा हिशेब माणूस मनाशी करतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. बेकारीमुळे यातील कमाईची बाजू लंगडी पडते. बाकीच्या बाबी आपापल्या जागी राहतात. म्हणूनच चोरीसारख्या गुन्ह्यांशी बेकारीचा काही संबंध दिसतो. खून, मारामारीशी तो क्षीण असतो. शिवाय मंदीत माणसे अधिक वेळ घरी असतात, त्यामुळे घरफोडीची संधीही कमी होते.

गिरणगावात मात्र बेकारी वर्षानुवर्षे रेंगाळली. बापामागून मुलाने गिरणीत लागण्याची वाट बंद झाली आणि झटपट पैसा देणारी टोळी चाळीच्या दाराशीच उभी होती. या तीन गोष्टी एकत्र आल्या, तेव्हा काहींचा तोल गेला.

म्हणून बेकार तरुणाकडे संशयाने पाहणे अन्यायाचे आहे आणि निरुपयोगीही. गिरणी बंद पडते तेव्हा तेथील मुलांसाठी दुसरे कोणते दार उघडे आहे, हे वेळीच पाहिले पाहिजे. गिरणगावात ते पाहिले गेले नाही.