चार क्विंटल भार, चार पाय

यवतमाळात कूलरचा लोखंडी स्टँड घरोघरी असतो. त्याच मापाचा स्टँड माशांच्या टाकीलाही चालेल, असं वाटणं साहजिक आहे. आधी हिशेब करू. 4 फूट लांब, दीड फूट रुंद, 2 फूट उंच टाकीत सुमारे 340 लिटर पाणी मावतं, म्हणजे 340 किलो. 10 मिलिमीटर काचेचे साठेक किलो वेगळे, वर वाळू-दगड. चार क्विंटलांवर कापूसच म्हणा ना!

गंमत म्हणजे उभं वजन चार पाय सहज पेलतात. घात होतो तो आडव्या धक्क्यानं. चौकोन कोपऱ्यांत कलतो, त्रिकोण कलत नाही. म्हणून मागच्या बाजूला एक तिरपी पट्टी हवीच. वरची चौकट पायांच्या माथ्यावर टेकलेली असावी, बाजूला चिकटवलेली नको. नाहीतर सगळा भार वेल्डिंगवर लटकतो.

चौकट जराशी पिळलेली असली तरी काच तडकू शकते, कारण काच वाकत नाही. बिनचौकटीच्या टाकीखाली म्हणूनच थर्माकोल घालतात. पातळी गवंड्याच्या पाणनळीनंही तपासता येते. आणि रंगाआधी रेड ऑक्साइड विसरू नका, टाकी पुसताना पाणी सांडतंच.