अंघोळीला स्लिपर कशाला?

थंडी पडायला लागली की घराघरांत गिझरचं बटण दिवसातून चार-पाचदा चालू-बंद व्हायला लागतं. याच दिवसांत कुणाच्या तरी तोंडून हमखास ऐकू येतं, "आमच्याकडे नळाला जरा झिणझिण्या येतात. तशा फार नाही." त्यावरचा उपायही ठरलेला. रबरी स्लिपर घालून अंघोळ करायची! सासू सुनेला सांगते, सून पाहुण्यांना सांगते. मैत्रिणींनो, हा हसण्यावारी नेण्याचा विषय नाही. झिणझिण्या येतात म्हणजे वीज नळापर्यंत पोचलेली आहे आणि जमिनीत जायला वाट शोधते आहे. स्लिपर निसटली किंवा ओला हात भिंतीला टेकला, की ती वाट आपल्या अंगातून जाते.

बचत गटाच्या कामामुळे माझं अनेक घरांत अगदी मोरीपर्यंत जाणं होतं. एका जुन्या तीन मजली इमारतीत गटातल्या एका बाईंकडे असंच झालं. गिझर चांगला, प्लग तीन पिनांचा, दिसायला सगळं व्यवस्थित. तरी नळाला शॉक. दुसऱ्या एकीचे दीर परवानाधारक वायरमन आहेत, त्यांना बोलावलं. त्यांनी आधी मेन स्विच बंद केला, मग सॉकेट उघडलं. अर्थिंगची हिरवी वायर जागेवर घट्ट बसवलेली होती. "ही पुढे जाते कुठे ते बघू," म्हणाले. बघतो तर ती बाथरूममधल्या लोखंडी पाइपला गुंडाळलेली! पूर्वी असं सर्रास करत. पाइप जमिनीत जातो ना, मग तेच अर्थिंग. पण दोन वर्षांपूर्वी इमारतीतले गंजलेले पाइप काढून प्लॅस्टिकचे टाकले होते. भिंतीत उरला होता हातभर लोखंडी तुकडा, तोही थेट नळाला जोडलेला. गिझरमधून गळणारी वीज जमिनीत जायच्या ऐवजी त्या हिरव्या वायरीनंच नळात येत होती. प्लंबरनं आपलं काम चोख केलं होतं, वायरमनला कुणी बोलावलंच नव्हतं.

मग अर्थिंगचा खड्डा कुणी करायचा यावरून वाद. मालक म्हणाले, चाळीस वर्षांत कुणाला काही झालं नाही. चाळीस वर्षं लोखंडी पाइप होते, हे त्यांना पटवता पटवता महिना गेला. तोवर त्या घरात पाणी गॅसवर तापत होतं. शेवटी निम्मा खर्च मालकांनी आणि निम्मा भाडेकरूंनी उचलला. अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा खणून, कोळसा-मीठ घालून पाइप पुरला आणि तिथून नवी वायर प्रत्येक घरात नेली.

पण मुळात गिझरमधून वीज गळते कशी? आत पाणी तापवणारी जी नळी असते, तिच्यात मधोमध तापणारी तार आणि भोवती वीज अडवणारी पांढरी पूड दाबून भरलेली असते. आपल्याकडे बोअरचं पाणी जड. नळीवर क्षारांची पुटं चढतात, ती जास्त तापते, गंजते, बारीक तडा जातो. पाणी आत शिरलं की पूड ओली होते आणि वीज बाहेर यायला लागते. पाणी मात्र पूर्वीसारखंच गरम मिळतं, त्यामुळे बिघाड कळतच नाही.

"आमच्याकडे एमसीबी आहे ना!" असं बऱ्याच जणी सांगतात. एमसीबी वायरीचं रक्षण करतो, आपलं नाही. 2000 वॉटचा गिझर साधारण 9 अँपिअर वीज घेतो, त्याचा एमसीबी बहुधा 16 अँपिअरचा. माणसाचं हृदय बंद पडायला एका अँपिअरचा दहावा भागही पुरतो, तेवढ्यानं तो पडणार कसा? त्यासाठी लागतो आरसीसीबी. याला अजूनही पुष्कळ जण ईएलसीबीच म्हणतात. गेलेली आणि परत आलेली वीज यांचा तो हिशेब ठेवतो. घरासाठी 30 मिलिअँपिअरचा घ्यायचा; एवढी वीज वाटेत गळली तर तो डोळ्याची पापणी लवायच्या आत मेन तोडतो. आता गंमत बघा. पावसाळ्यात ओल आली की तो सारखा पडतो, घरातले वैतागतात, आणि एखादा वायरमन "डायरेक्ट करून दिलंय वहिनी, आता त्रास नाही" म्हणून जातो. राखणदार भुंकतो म्हणून त्यालाच बांधून ठेवायचं! पडतो तेव्हा कुठेतरी गळती आहे, ती शोधायला सांगावी.

त्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबावं. घरातली वीज गेली पाहिजे. न गेल्यास तो लगेच बदलावा. मात्र या बटणानं अर्थिंगची परीक्षा होत नाही. अर्थिंगची वायर कुठेच जोडलेली नसली तरी बटण दाबल्यावर वीज जातेच. टेस्टरचा दिवाही अर्थिंगबद्दल काही सांगत नाही.

माझी नणंद इंग्लंडमध्ये असते. तिथल्या थंडीत बाथरूमच्या फरशीखाली तापणाऱ्या वायरी घालतात. तिच्याकडे हे काम झालं तेव्हा वायरमननं त्या वायरी मीटरवर तीनदा तपासल्या: पसरण्याआधी, पसरल्यावर आणि वर फरशी बसल्यावर. तिन्ही वेळचे आकडे कार्डावर लिहून तिच्या हातात दिले, कारण एकदा फरशी बसली की आत काय आहे ते दिसायचं नाही. तिथं बाथरूममधल्या अशा कामावर 2005 पासून कायद्याची देखरेखही आहे.

आपल्या भिंतीतली हिरवी वायर तरी कुठे दिसते? मीटरच्या पुढच्या वायरिंगची जबाबदारी आपली, वीज कंपनीची नव्हे. आणि वायरमन येतो तेव्हा घरी बहुतेक वेळा आपणच असतो. म्हणून गिझर बसवला, नळ बदलले, टाइल्स घातल्या, की पैसे देण्याआधी दोन आकडे मागायचे. एक, अर्थिंगचा रोध किती ओहम? घरासाठी 5 च्या आत असला म्हणजे बरा. दुसरा, मेगरवर वायरिंग किती दाखवतं? 1 मेगाओहमच्या खाली असेल तर काम अपुरं आहे. "ताई, तुम्हाला काय करायचंय त्याचं?" असं विचारलं तर खुशाल म्हणावं, मला लिहून ठेवायचंय. तारखेसह ते आकडे मेन बोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावेत. पुढच्या वर्षी दुसरा कुणी आला तरी त्याला ताडून बघता येतं. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला की पहिला आकडा वाढतो. मार्च-एप्रिलमध्ये तिथं चार बादल्या पाणी ओतायचं काम सोसायटीच्या माळ्याला सांगून ठेवता येईल.