सात नंबरचा हिरवा

लॅबच्या दाराशी पोचलं की आधी चपला मोजायच्या. आत तीस मशिनं, त्यातली चालू पंचवीस-सव्वीस. बाहेर वीस-बावीस जोड दिसले तर जागा मिळणार. पंचवीसच्या वर गेले तर जिन्यात वही उघडून बसायचं. नळाला रोज पाणी येत नाही या शहरात, काही दिवसांआड येतं. खोल्या करून राहणाऱ्या मुली ज्या गल्ल्यांत जास्त, तिथली पाण्याची पाळी असली की लॅब सकाळी अकरापर्यंत मोकळी. ड्रम भरल्याशिवाय खोलीबाहेर कोण पडणार? आमच्या गल्लीची पाळी वेगळ्या दिवशी असते, म्हणून ती सकाळ माझी.

मी कन्नड तालुक्यातली. डिझाइनला प्रवेश घेतला तेव्हा घरी संगणक नव्हता, आजही नाही. आता शेवटच्या वर्षाला आहे. आजवर जे काही केलं ते या खोलीत, आधीच्या कुणाच्या तरी बसण्यानं कोमट झालेल्या खुर्चीवर.

मशिनांना नंबर आहेत आणि प्रत्येक नंबराची खोड सगळ्यांना पाठ आहे. तीन नंबरवर पडदा आडवा ताणलेला, त्यावर वर्तुळ काढलं तर अंडं दिसतं. सात आणि आठ शेजारी शेजारी, पण एकच फाइल दोन्हीकडे उघडली की सातवरचा हिरवा आंब्याच्या पानासारखा गडद आणि आठवरचा निळसर, मोराकडे झुकणारा. पहिल्या वर्षी मी एक पोस्टर अर्धं सातवर, अर्धं आठवर केलं. छापून आलं तेव्हा दोन्हींशी न जुळणारा तिसराच हिरवा समोर होता.

तिथून मी आकडे पाठ करायला लागले. पडदा लाल, हिरव्या आणि निळ्या उजेडातून रंग बनवतो. छपाई सायन, मॅजेंटा, यलो आणि ब्लॅक या चार शाईंतून. पडद्यावरचे काही झगझगीत हिरवे शाईत मुळात होतच नाहीत. स्वतःचा एकच पडदा असणाऱ्याला त्याची सवय होते आणि छापल्यावर काय होईल याचा अंदाज येतो. आम्हाला रोज नवा पडदा, म्हणून आमचा भरवसा टक्क्यांवर. छपाईच्या दुकानातून रंगांच्या चौकटींचा एक तक्ता छापून घेतला, प्रत्येक चौकटीखाली चार आकडे. तो वहीत चिकटवलाय. रंग मी आता वहीत निवडते आणि मशिनवर फक्त टाइप करते.

दुसरी गोष्ट शिकायला एक अख्खी दुपार गेली. आमची मशिनं बंद करून पुन्हा सुरू केली की डेस्कटॉप पहिल्यासारखा कोरा होतो. व्हायरसपासून वाचवण्यासाठी केलेली ती सोय आहे आणि ती हवीच. इतक्या पेनड्राइव्हांची ये-जा असलेली खोली त्याशिवाय चालणार नाही. पण नव्या मुलीला हे कोण सांगणार? वीज गेली, यूपीएस थोडा वेळ टिटी करून थांबला, आणि तीन तासांचं काम गेलं. मी रडले. लॅबचे मामा पाण्याची बाटली घेऊन आले, म्हणाले, ‘‘डी ड्राइव्हला ठेवत जा पोरी, अन् पेनड्राइव्हला बी.’’ तेव्हापासून फाइल दोन ठिकाणी असते आणि नावात तारीख असते.

पण खरा घोर असतो अक्षरांचा. मराठीत काम करणाऱ्यालाच तो कळतो. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये देवनागरीचे आकार इंग्रजी अक्षरांच्या घरांत बसवलेले असतात. तो फॉन्ट ज्या मशिनवर आहे तिथे मजकूर नीट दिसतो. दुसऱ्या मशिनवर तीच फाइल उघडली की निव्वळ इंग्रजी अक्षरांचा कचरा. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे हे टळतं. तरी चित्रांकनाच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची मांडणी चालू केलेली नसेल तर जोडाक्षरं सुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन उभी राहते. कारण साठवताना ती अक्षरानंतर साठवलेली असते. तिला उचलून पुढे आणून ठेवणं हे त्या मांडणीचं काम. ही मांडणी काही मशिनांवर चालू असते, काहींवर नसते. म्हणून बसल्याबरोबर मी पहिल्यांदा ‘किल्ली’ टाइप करून बघते. वेलांटी जागेवर, जोडाक्षर जुळलेलं, की मग काम सुरू.

माझ्या वर्गातल्या एकीनं गावाकडे मराठी टायपिंग ३० ची परीक्षा दिलेली. टाइपरायटरच्या मांडणीत वेलांटी आधी दाबायची असते, इथे नंतर. तिची बोटं वर्षभर भांडत होती. पण एकदा रुळल्यावर तिच्याइतका वेग कुणाचा नाही, आणि मोठा मजकूर असला की मी तिच्याकडे जाते. बदल्यात तिच्या फाइलचे रंग मी बघते.

तिच्याच पडद्याकडे बघताना मला ‘ल’ दिसला. रोज लिहिते ते अक्षर, पण माझ्या पडद्यावरचा ‘ल’ हिंदी वळणाचा होता. राज्य सरकारच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ सांगितलेला आहे. भाषा मराठी निवडली की काही फॉन्ट हे आकार आपोआप बदलतात. हे मला कुठल्याही तासाला समजलं नव्हतं. ती म्हणाली, ‘‘अगं, आमच्या टायपिंगच्या सरांनी शिकवलंय.’’ घरी एकटी लॅपटॉपवर बसले असते तर ‘ल’ हिंदीच राहिला असता, याची मला खात्री आहे.

आता माझ्या पेनड्राइव्हवर फॉन्टचं एक फोल्डर कायम असतं: मुंबईच्या एक टाइप या गटाचे मुक्ता आणि बलू. दोन्ही खुल्या परवान्याचे. कुठल्याही मशिनवर ते न्यायला कुणाची परवानगी लागत नाही. ज्याला स्वतःचं मशीन नाही त्याच्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे! छपाईला देताना मात्र अक्षरांच्या रेषा करूनच द्यायच्या, म्हणजे दुकानात फॉन्ट असो-नसो.

यंदाचा प्रकल्प हिमरूवरचा. सुती जमिनीवर रेशमाचं जादा आडवं सूत फिरवून उठवलेली नक्षी, या शहराची ओळख. मी एक बुट्टा घेतला आणि चौकटींच्या जाळीवर चौकट-चौकट भरत बसले. एक चौकट म्हणजे एका उभ्या आणि एका आडव्या धाग्याची भेट. सहा दिवस, चार वेगवेगळी मशिनं. प्रिंट घेऊन जुन्या शहरातल्या एका विणकराकडे गेले. चाचांनी कागद डोळ्यांपासून लांब धरला आणि म्हणाले, ‘‘फूल चपटा आएगा, बेटी.’’

मला आधी वाटलं, तीन नंबरचा ताणलेला पडदा नडला. तसं नव्हतं. माझ्या चौकटी अगदी चौरस होत्या, चूक तीच होती. इंचात उभे धागे किती आणि आडवे किती, यावर चौकटीचा आकार ठरतो. आडवे दाट असतील तर चौरस जाळीवरचं फूल कापडावर दबतं, उभे दाट असतील तर उंच होतं. चाचांनी मला भिंग दिलं, इंचाची पट्टी दिली आणि मोजायला लावलं. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा दोघांचा आकडा जुळला. कापडालाही स्वतःचा पडदा असतो आणि तोही प्रत्येक मागावर निराळा, हे मला चाचांच्या ओट्यावर बसून समजलं. लॅबमध्ये परत येऊन जाळी नव्यानं आखली, लांबट चौकटींची. बुट्टा पहिल्यापासून भरला.

काम पूर्ण झालं त्या दिवशी बाहेर चपला तिशीच्या वर होत्या. जमा करायचा शेवटचा दिवस, आणि माझ्या खुर्चीमागे पहिल्या वर्षाची एक मुलगी उभी. फाइल पेनड्राइव्हवर जात होती. मामांनी दारातून हाक दिली, ‘‘सेव्ह केलं का सगळ्यांनी? पाच मिनिटांत मेन पाडायलो.’’

ती मुलगी पडद्याकडे वाकली. ‘‘ताई, हा हिरवा कसा केला? माझा आठ नंबरवर असा येतच नाही.’’

मी उठले, खुर्ची तिच्याकडे सरकवली. म्हटलं, ‘‘लिही. सायन ८५, मॅजेंटा ३०, यलो ६५, ब्लॅक १५.’’ तिच्याकडे वही नव्हती. तिनं माझं पेन घेतलं आणि आकडे तळहातावर उतरवून घेतले.